टाकीला हात लावायचा नाही

"लांब धरा. बादली पाइपला टेकू देऊ नका."

आई अंगणात बादली धरून उभी होती. घरमालकीण काकूंच्या हातात झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप. काकू लांबून धार सोडत होत्या आणि आई ती बादलीत झेलायला बघत होती. धार कधी बादलीत पडायची, कधी फरशीवर, कधी आईच्या लुगड्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यावर काळा चष्मा. तिला अंदाज येत नव्हता. ती पुढं सरकली की काकू मागं सरकायच्या.

"पुढं येऊ नका म्हटलं ना. हा पाइप आमच्या तुळशीला लागतो."

मी ड्युटीवरून येऊन फाटकाची कडी काढत होते. तेवढ्यात काकूंनी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. धार लांब जावी म्हणून. ती सरळ आईच्या तोंडावर बसली. चष्मा उडून फरशीवर पडला.

आईनं मान वळवली, डोळे घट्ट मिटले. पण बादली सोडली नाही.

मी पळत गेले. ओढणीनं तिचा चेहरा टिपला. डोळा टिपायची तर भीतीच वाटत होती. ऑपरेशनच्या डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे मीच तिला दिवसातनं दहादा सांगत होते.

"अगं, पाणीच आहे. ॲसिड नाही," काकू म्हणाल्या. आणि पाइप तुळशीकडं वळवला.

आई माझा हात दाबून हळूच म्हणाली, "गप. काय बोलू नगंस. बादली भरली हाय."

मी बादली उचलली. आईला धरून जिना चढले. वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की जिन्याच्या तोंडाशी मी काकूंना सवयीनं "थँक्यू" म्हणाले होते.

मी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. माझं गाव कोरेगाव तालुक्यात. गावात आमची घरं ओढ्याच्या पल्याड. कुणी काही सांगायला लागत नाही, ओढा सांगतो. मी शिकले, नोकरी लागली, खोली शोधायला लागले. लोक खोली दाखवायचे. नळ, संडास, गॅलरी, सगळं दाखवायचे. मग गाव विचारायचे, मग आडनाव, मग आणखी काहीबाही. मग म्हणायचे, घरात विचारून सांगतो. त्यांचं घर काय विचारायचं ते मला ठाऊक होतं.

माधवनगरच्या या बंगल्यात मात्र निभावलं. माझं आडनाव वरच्यांतही असतं आणि आमच्यातही असतं. यांनी ते ऐकलं आणि आपल्याला हवं ते समजून घेतलं. मी खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलंही नाही.

बंगल्याचे मालक साहेब. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनीअर. जन्मभर कालव्याची दारं उघडली आणि मिटली. कुठल्या गावाला किती पाणी, कवा सोडायचं, कवा तोडायचं, हे त्यांच्या सहीनं व्हायचं. ते अभिमानानं सांगायचे, "माझ्या शब्दावर उसाचं शिवार हिरवं व्हायचं किंवा वाळायचं." खाली ते आणि काकू. वर गच्चीवरच्या दोन खोल्या मला. जिन्याच्या छपरावर काळी टाकी, तिच्याकडं जाणारी लोखंडी शिडी.

सुरुवातीला मी 'सिस्टर' होते. "सिस्टर, जरा बीपी बघा हो." "सिस्टर, जरा वर चढून बघता का, टाकी भरली का?" मी ड्युटीवरून दमून आलेली असले तरी चढायचे. झाकण उचलायचे, आत बघायचे, वरनं ओरडून सांगायचे, "भरली काकू, मोटर बंद करा!" काकू खालनं म्हणायच्या, "पोरगी गुणाची आहे."

दिवाळीला काकूंची जाऊ आली. तिचं माहेर आमच्या भागातलं. मोठे बागायतदार, उसाचं लय मोठं रान. खाली सगळे फराळाला बसलेले, मलाही बोलावलेलं. जाऊबाईंनी गाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला.

"आगं, मग तू आमच्याच भागातली की! कुणाची?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे ओढ्याच्या पल्याडची?"

"हो."

"तुझा भाऊ आमच्या ट्रॅक्टरवर हाय की!" त्या हसल्या. काकूंकडं बघून हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्या हातातल्या बशीकडं बघत होत्या.

ती बशी परत त्यांच्या मांडणीत गेलेली मला कधी दिसली नाही. पुढं ती बागेत दिसली, चिमण्यांना पाणी ठेवायला.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. साहेब एकदा जिन्यात थांबले आणि म्हणाले, "सिस्टर, आता वर चढत जाऊ नका. टाकीला हात लावायचा नाही." मी विचारलं, का? म्हणाले, "शिडी गंजलीय. तुमच्याच काळजीनं सांगतोय."

आणि माझ्या नळाचं पाणी बारीक झालं.

आधी धार करंगळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग सकाळी थोडं, संध्याकाळी नाहीच. बारा तास पेशंटांचं सगळं काढून यायचं आणि अंगावर घ्यायला तांब्याभर पाणी नाही. युनिफॉर्म धुवायला नाही. संडासात ओतायला नाही. मी दवाखान्यातून कॅन भरून बसमधनं आणायला लागले. कंडक्टर म्हणायचा, "बाई, पाणी न्यायला मिरजेला येता का काय?" लोक हसायचे. मीही हसायचे.

साहेबांना सांगितलं. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"प्रेशरचा प्रश्न आहे," ते पेपर खाली न घेता म्हणाले. "तुमच्या खोल्या टाकीच्या अगदी खाली. उंची मिळत नाही पाण्याला. यात शास्त्र आहे, तुम्हाला ते कळणार नाही."

पुन्हा गेले तर म्हणाले, "लाइनमध्ये हवा धरलीय. निघंल आपोआप."

आणखी एकदा गेले तेव्हा पेपर खाली आला. "वापर जास्त आहे तुमचा."

"मी एकटी राहते, साहेब."

"तुमच्या लोकांचं असंच असतं. पाणी मिळालं की भान राहत नाही."

तुमच्या लोकांचं. सहा महिने बीपी बघून घेतलं माझ्याकडनं. दंडाला पट्टा बांधताना माझे हात त्यांना चालत होते.

आमच्या दवाखान्यात सलाइन थांबलं तर आम्ही पेशंटला दोष देत नाही. नळी वाकडी झालीय का बघतो, नळीवरची चाकी कुणी आवळलीय का बघतो. मला वाटलं, नळाचंही असंच काहीतरी असणार. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. बरोबरच्या मुली साड्यांचे बघायच्या, मी व्हॉल्व्हचे. त्या चेष्टा करायच्या. मी बघत राहिले.

फार अवघड नाही ते. घराच्या पाण्याला जागोजागी दारं असतात, एवढंच. टाकीतनं जितके पाइप खाली उतरतात, तितक्यांना वर एकेक व्हॉल्व्ह असतो. एखाद्या खोलीचा नळ दुरुस्त करायचा असला, तर तेवढीच लाइन बंद करता यावी म्हणून. काही व्हॉल्व्हना दांडी असते. दांडी पाइपच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. काहींना गोल चाकी असते. चाकी फिरवली की आतली पितळेची पाकळी वर-खाली होते. पूर्ण वर नेली की पाणी मोकळं. थोडी खाली आणली की धार बारीक. आणखी खाली आणली की दोरा. त्या मधल्या फिरवाफिरवीचा व्हिडिओ बघताना माझा घास तोंडातच राहिला. धार एकदम बंद करायची गरजच नसते. हळूहळू आवळता येते. बाहेरून काही कळत नाही.

घरी येऊन मी माझ्या मोरीतली दांडी बघितली. रेषेत होती. बेसिनखालची बघितली. रेषेत होती. माझ्या भिंतीच्या आत सगळं उघडं होतं. उरला तो वरचा, टाकीच्या बुडाशी असलेला. जिथं मला जायला बंदी होती.

तरी मी गेले नाही. मनाला वाटत राहिलं, शिकलेला माणूस आहे. वयानं मोठा आहे. चाकी फिरवून माणसाला तहानलेलं ठेवायचं, इतकं खालच्या पायरीचं काम तो करणार नाही.

त्यात आईचं ऑपरेशन ठरलं. गावाकडं तिची सोय नव्हती. मी तिला माझ्याकडं आणलं. डोळ्यात थेंब घालायचे, त्याआधी प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे. दवाखान्यातून आणलेले कॅन मी हात धुण्यासाठी वेगळे ठेवले होते. आईला सांगितलं होतं, संडासला तेच वापर, चालतंय, मी आणखी आणीन. पण तिनं ते वापरले नाहीत. "तू एवढं ओझं करून आणतीस, आणि मी ते संडासात ओतू?" म्हणून बादली घेऊन ती खाली गेली. काकूंकडं पाणी मागायला.

आणि काकूंनी दिलं. लांबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली तीच डोळा धरून. "ठसठसतंय गं." मी पापणी वर केली. डोळा लाल भडक, बुबुळ गढूळ. मी अशा डोळ्यांच्या शेजारी उभी राहून काम केलेलं आहे. ते कशाचं असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

रिक्षानं मिरजेला नेली. डॉक्टरांनी तपासलं, विचारलं, "डोळ्यात पाणी गेलं होतं का?"

"न्हाई," आई म्हणाली.

"गेलं होतं," मी म्हणाले. "तोंडावर पाइपची धार बसली."

आई माझ्यावर चिडली. "आवं डाक्टर, हिचं काय ऐकू नगासा. आमी लोकाच्या घरात ऱ्हातो."

डॉक्टर म्हणाले, "इन्फेक्शन कशानं झालं, ते असं छातीठोक सांगता येत नाही. पाण्यानं होऊ शकतं. इतरही कारणं असतात." माणूस खोटं बोलत नव्हता. खरंच सांगता येत नाही. पण त्या एका वाक्यावर पुढं किती जण आडवे पडून झोपणार होते, ते तेव्हा मला कळलं नाही.

डोळ्यात इंजेक्शनं दिली. पुन्हा ऑपरेशन केलं. आई वेदनेनं खाटेची पट्टी धरून कण्हायची. पण मी जवळ गेले की गप्प व्हायची. मी वॉर्डात दुसऱ्यांना औषधं देत होते आणि कान तिच्या खाटेकडं.

डोळा गेला. बॅटरी मारली तरी उजेड कळंना.

डॉक्टर सांगून गेले. मी तिथंच उभी. आईनं हातानं चाचपून माझा हात धरला आणि म्हणाली, "एक हाय की आजून."

तेवढंच बोलली.

मी तिचे कपडे आणायला माधवनगरला आले. भर दुपार. जिना चढताना पाण्याचा आवाज आला. गच्चीवर पाऊल टाकलं तर पायाखाली पाणी. टाकी भरून वाहत होती. मोटर बंद करायला खाली विसरले होते. टाकीच्या वरच्या अंगाच्या भोकातनं जाड धार पडत होती, गच्चीवरनं वाहत माझ्या उंबऱ्यापाशी येत होती आणि तिथनं वळून पन्हाळीतनं गटारात जात होती.

मी कुलूप काढलं. आत जाऊन नळ सोडला.

कोरडा.

मी तशीच उभी राहिले. बाहेर धबाधबा आवाज. आत नळाला थेंब नाही. डोक्यावर काठोकाठ टाकी. आता कुठलं प्रेशर आणि कुठली हवा! मी बाहेर आले. बादली त्या पडणाऱ्या धारेखाली धरली. दुसरं काय करणार, हात धुवायचे होते.

काकू मोटर बंद करायला मागच्या अंगणात आल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. मला बादली धरलेली बघितलं.

"घे, घे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मायेचा होता. "सांडलेलं घेत जा. त्याला कुणी नाही म्हणत नाही."

मी बादली खाली ठेवली. सगळी ओतून दिली.

खोलीत एक पान्हा होता, गॅसच्या शेगडीसाठी घेतलेला. तो घेतला. चपला काढल्या आणि शिडी चढले. शिडी गंजलेली नव्हती. नवा रंग दिलेला होता.

टाकीच्या बुडातनं दोन पाइप निघत होते. एक जाड, तो खालच्या घराला. एक बारीक, तो माझ्या खोल्यांना. जाडावर चाकी होती, लाल, चकचकीत. बारक्यावर चाकी नव्हती. व्हॉल्व्ह होता, पण चाकी काढून घेतलेली. नुसता दांडा वर आलेला. त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं नीट बांधलेली. गाठ सुबक होती. घाईत बांधलेली नव्हती. माणसानं बसून, विचार करून, चष्मा लावून बांधलेली गाठ.

ती गाठ बघितली आणि माझं डोकं थंड झालं. एवढे दिवस मी स्वतःला समजावत होते, की चूक असेल, बिघाड असेल. बिघाड नव्हता. सगळं व्यवस्थित चाललेलं होतं.

मी पिशवी फाडली. पान्ह्यानं दांडा धरला. पहिल्यांदा हलेना. अंगाचा भार टाकला. मग करकरला, फिरला. पाइपात आधी हवा खोकली. मग खाली माझ्या मोरीतल्या उघड्या नळाचा आवाज आला. मोठा. भरलेला.

"कोण आहे वर? ए! खाली उतर!"

साहेब गच्चीच्या दारात उभे. पायात चप्पल नाही, इतक्या घाईत आलेले. मी सिस्टर होते, तुम्ही होते. आता 'ए' झाले.

"चाकी तुम्ही काढलीत?" मी वरनंच विचारलं.

मला वाटलं, नाही म्हणतील. शरमेनं का होईना, खोटं बोलतील.

"हो. मीच काढली," साहेब म्हणाले. "माझं घर, माझी टाकी, माझा व्हॉल्व्ह. पाणी आवळलं की माणूस आपल्या पायानं जागा सोडतो. तोंडानं जा म्हणायची वेळ येत नाही. शहाण्याला एवढ्यात कळतं. तुला नाही कळलं."

"माझ्या आईचा डोळा गेला."

ते क्षणभर थांबले. वाईट वाटलं म्हणून नव्हे. हिशेब करायला. मग म्हणाले, "त्याचा नि व्हॉल्व्हचा काय संबंध? डॉक्टरनं तसं लिहून दिलंय?"

खालनं काकूंचा आवाज आला. घाबरलेला. "अहो, टाकीला हात लावला का तिनं? झाकणाला लावला का? विचारा ना तिला!"

तिच्या घरातल्या माणसानं काय केलं ते तिला ऐकू आलं होतं. एका बाईचा डोळा गेला, तेही ऐकू आलं होतं. आणि ती विचारत होती, झाकणाला हात लावला का.

मी लावला नव्हता. मला फक्त व्हॉल्व्ह हवा होता.

मी झाकण उचललं. बाजूला ठेवलं. साहेबांच्या डोळ्यांत बघितलं. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. ओंजळ भरली आणि प्यायले.

"सांगा त्यांना," मी म्हणाले. "आता लावला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन गडी आले. टाकीचं पाणी सोडून दिलं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत भरलेली टाकी गच्चीवर ओतली. सगळं पाणी माझ्या दारावरनं गेलं. मग टाकी घासली, ब्लीचिंग पावडर टाकली, पुन्हा ओतली, पुन्हा घासली. शेजारच्या गच्चीवर लोक कपडे वाळत घालायचं थांबवून बघत होते. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय. एकानंही विचारलं नाही. काकू खालनं मोठ्यानं म्हणाल्या, "वर्षाची टाकी धुवायचीच असते." ते माझ्यासाठी नव्हतं. त्या लोकांसाठी होतं.

मी दारात उभी राहून मोबाइलवर सगळं काढलं. 

शेवटी गड्यांनी माझा बारका पाइप कापला. व्हॉल्व्ह काढून घेतला आणि टाकीच्या तोंडाला बूच बसवलं. आता उघडायलाही काही उरलं नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. ठाण्यातले साहेब चांगले बोलले. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मालक-भाडेकरूत असं होतंच. पाण्यावरनं कुठं जातीत शिरताय?" मी म्हणाले, मी शिरले नाही. मला ढकललंय. त्यांनी म्हातारा माणूस, आजारी बायको, असं सुरू केलं. मी मोबाइल समोर ठेवला. "तक्रार लिहून घ्या. तोवर मी इथनं उठत नाही." बाकावर बसून राहिले. ड्युटी चुकली. शेवटी मी कळवल्यावर इथल्या आमच्या लोकांच्या वस्तीतली माणसं आली, बाया आल्या, ठाण्याच्या दारात बसल्या, तेव्हा ॲट्रॉसिटीचा गुन्हा लिहून घेतला.

मग सगळ्यांना आमचं भलं सुचायला लागलं. दवाखान्यातल्या मेट्रननं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "साहेबांचे पाहुणे आपल्या ट्रस्टवर आहेत, तुला माहीत नसेल." गल्लीतले एक गृहस्थ आले. म्हणाले, "कशाला कोर्टकचेरी? तुम्हाला तुमच्याच लोकांच्यात चांगली खोली बघून देतो. तिथं तुम्हालाही मोकळं वाटेल."

"मला इथं गुदमरायला होत नाही," मी म्हणाले. ते उठले.

खरा घाव मात्र गावाकडनं आला. जाऊबाईंच्या माहेरच्यांनी माझ्या भावाला ट्रॅक्टरवरनं उतरवलं. "आधी बहिणीला समजाव, मग किल्ली घे," म्हणाले. त्याच्या बायकोला उसाच्या खुरपणीला बोलावणं बंद झालं. आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या बायांनाही बंद झालं. एका माझ्या तक्रारीपायी. मग आमचीच माणसं भावाच्या दारात येऊन ओरडायला लागली.

आई दवाखान्यातून माझ्या खोलीवर आली होती; भाऊ तिला न्यायला आला. खोलीत टेकलासुद्धा नाही. दारातनंच म्हणाला, "आक्का, साहेबानं तुला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. पाणी बंद केलं. लोकाची घरं मोडायलीस व्हय त्येच्यापायी?"

"आईचा डोळा?"

"डाक्टर म्हनतोय, सांगता येत न्हाई. तूच कशी सांगतीस?"

मी आईकडं बघितलं. तिची पिशवी भरलेली होती. म्हटलं, "आई, तू सांग. पोलीस जबाब घ्यायला येतील तेव्हा सांग, धार तोंडावर बसली म्हणून. तुझ्याशिवाय कुणी सांगणार नाही."

 आईनं तिच्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"मी न्हाई सांगायची," ती म्हणाली. "माजी नातवंडं उपाशी ऱ्हायली तर कोण घालनार त्यास्नी खायला? तू? तुजा त्यो नळाचा व्हाल? पानी कुटंबी मिळतंय पोरी. तू निस्ता हेका धरलायस."

ती भावाचा खांदा धरून जिना उतरली. पायऱ्या पायानं चाचपत. मला हात लावू दिला नाही. काकू अंगणात होत्या. आई त्यांच्यापाशी थांबली, वाकली आणि म्हणाली, "चुकीमाकी माफ करा, वैनी. पोरगी अडानी हाय."

हे मी वरनं, कठड्याला धरून ऐकलं. पाइपची धार मला लागली नव्हती. ही लागली.

आता भाऊ फोन उचलत नाही. आई बोलत नाही. मी कॅन आणते. मेट्रननं माझी ड्युटी बदलली, दोनदा बदलली. काकू मला बघितलं की दार लावून घेतात. साहेब जामिनावर आहेत, सकाळी फिरायला जातात. लोक त्यांना नमस्कार घालतात. आणि गल्लीत, दवाखान्यात, गावाकडं सगळे एकच म्हणतात: हिनं घर मोडलं. चाकी कुणी काढली, ते कुणी म्हणत नाही.

भावाचं ट्रॅक्टरवरनं उतरणं मला माहीत आहे. त्याच्या पोरांची तोंडं मला दिसतात. माझ्या तक्रारीनं ते झालं नाही. ज्यांनी केलं, त्यांची नावं मी वेगळ्या अर्जात दिली आहेत. भाऊ म्हणेल, माझं नाव घालू नकोस. मी त्याचं नाही घातलं. त्यांचं घातलंय.

वकील म्हणाले, साक्षीदार नाहीत, आई फिरली, डॉक्टर ठाम नाहीत, केस कदाचित टिकणार नाही. मी म्हणाले, न टिको. मला भर कोर्टात त्यांना उभं करायचं आहे. त्यांच्या हातानं बंद झालेलं पाणी कुणाचं होतं आणि का बंद केलं, हे त्यांना सगळ्यांसमोर विचारलं जाईल. ते खोटं बोलले, तर खोटं बोलताना लोक बघतील. इथं हरले तर वर जाईन. आई मेली तरी जाईन. खोली मी सोडणार नाही. तक्रार मागं घेणार नाही. आणि कुणाकडंही, कुठल्याही दारात, पाणी मागणार नाही. माझं आहे ते घेईन.